ऑइल पॅचचं कार्ड

भोक मधोमध पडलेलं नव्हतं. कार्डाच्या वरच्या कडेला जिथं पडायला हवं तिथून ते डावीकडे सरकलेलं — म्हणजे ड्रॉवरमधल्या सळईत ओवलं की हे कार्ड बाकीच्यांच्या बाहेर डोकावत राहणार, रांगेत उभं राहून पुढं किती जण उरलेत ते मान काढून बघणाऱ्या माणसासारखं... त्यानं कार्ड उचलून डोळ्याला लावलं. भोकातून बाईंचा चष्मा दिसला, आणि चष्म्यातून बाई त्याच्याकडेच बघत होत्या.

"उद्योगी, काय चाललंय?"

"शब्दाच्या आरपार बघतोय, बाई."

"आरपार नको. अर्थ लिहा. पाचपर्यंत ओ अक्षर संपवायचंय आपल्याला."

पलीकडच्या टेबलावरचा पुरवणी खुसखुसला. कोशाच्या पुरवणीचं काम त्याच्याकडे, आणि बोलतानाही प्रत्येक वाक्याला शेवटी एखादी पुरवणी जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, म्हणून पुरवणी. हे नाव उद्योगीनंच ठेवलेलं. कोशाच्या या कचेरीत जेवढी म्हणून नावं चालतात ती सगळी त्याची. फक्त त्याचं स्वतःचं नाव बाईंनी ठेवलं, नसत्या उद्योगांमधला उद्योगी, आणि बाईंनी तेवीस वर्षांत केलेला तो एकुलता एक विनोद असल्यामुळे सगळ्यांनी तो जपून ठेवला.

कार्डावर पुरवणीच्या गोलमटोल अक्षरात शब्द. ऑइल पॅच. खाली तीन रकाने, कोरे. अर्थ. वाक्य. कोणाकडून.

येणार हे माहीत होतंच की. इंग्रजी शब्दांचा हा कोश ए पासून निघाला तेव्हा याचे केस काळे होते. एलच्या आसपास दाढी पिकली. एन संपला तेव्हा त्यानं मनाशी म्हटलं, आता आला. शब्दांचं हे बरं असतं, ते ओळीनं येतात, त्यांना चुकवून बोळातून निसटता येत नाही. तरी त्यानं प्रयत्न केला होता. मागच्या आठवड्यात हे कार्ड पुरवणीच्या गठ्ठ्यात सारलं, त्यानं ते प्रामाणिकपणे परत आणून दिलं — "तुमचं आहे साहेब, आणि शिवाय तुमचे भाऊ तिकडंच होते ना."

होते.

सव्वाअकरा. चार वाजता पुतणी येणार. काल तिचा फोन — "काका, बाबांची पेटी आली कंपनीकडून. त्यात एक कागद आहे. आईला नाही दाखवला अजून. तुम्हालाच दाखवायचाय आधी." — आणि तो म्हणाला होता, ये की, चहा पाजतो, साखरेच्या डब्यात काय भरलंय त्याची मात्र हमी देत नाही. ती हसली. हसली म्हणजे... तिकडून श्वास सोडल्यासारखा आवाज आला.

कागद कुठला ते विचारायची गरज नव्हती. बावीस वर्षांपूर्वी तो कागद त्यानंच टाइप केला होता.

अर्थाच्या रकान्यात तो लिहू लागला. एक, ज्या भागात जमिनीखाली तेल सापडतं आणि ते काढलं जातं असा सगळा प्रदेश. दोन, तेल काढण्याचा धंदा, त्यातल्या माणसांसकट. बोलीतला शब्द. मग थांबला. आपल्या भाषेत काय म्हणायचं? पॅच म्हटलं की ठिगळ आठवतं, पण तेलाचं ठिगळ म्हणजे सदऱ्यावर भजी सांडल्यासारखं वाटतं. बाई म्हणणार तैलक्षेत्र. तैलक्षेत्र म्हणजे जिथं जाऊन मुंडण करायचं. त्यानं लिहिलं, तेलपट्टा. बरं वाटलं. पट्टा म्हणजे लांबच लांब, दोन्ही टोकांना न संपणारा, गाडीच्या खिडकीतून बघत बसावा असा...

गाडीनं दोन दिवस आणि मग ट्रकनं एक दिवस. त्यानं स्वतः कधी बघितला नाही. धाकटा सांगायचा.

"पण फील्ड आणि पॅच एकच ना?" बाईंनी मान वर न करता विचारलं. बाईंना टेबलावरून दुसऱ्याच्या कार्डावरचं वाचता येतं. "कागदोपत्री सगळीकडे ऑइल फील्ड दिसतं."

"एक नाही, बाई. फील्ड म्हणजे विहिरी. एकेका कंपनीच्या. पॅच म्हणजे सगळं मिळून. विहिरी, खोदाईच्या रिगवरचे गडी, त्यांच्या खोल्या, खाणावळ, चिखल. बसमध्ये शेजारच्यानं विचारलं कुठं असता, तर कोणी फील्डवर असतो म्हणत नाही. पॅचमध्ये असतो म्हणतात. असतो, म्हणजे राहतो नव्हे, काम करतो नव्हे. असतो."

"हे कुठं वाचलंत?"

"ऐकलं."

"मग तेच वाक्यात द्या. कोणाकडून ते लिहा. आणि उद्योगी, वाक्य घडवायचं नाही."

वाक्य घडवायचं नाही, हा या कचेरीचा कायदा. प्रत्येक शब्दाला एक वाक्य, आणि ते कोणीतरी खरोखर बोललेलं किंवा छापलेलं हवं. खाली कोण बोललं, कोणाला बोललं, साधारण केव्हा. त्यानं तो इतक्या वेळा मोडलाय की... 'लेझी'ला दिलेलं वाक्य पुरवणीवर आहे, 'फ्रूगल'ला दिलेलं बाईंच्या चहाच्या पुड्यांवर, आणि दोन्हींच्या खाली त्यानं गंभीर चेहऱ्यानं लिहिलंय, एका बंद पडलेल्या साप्ताहिकातून. छापून निघालं. मास्तर लोक ते पोरांना शिकवतात. हे आठवलं की एरवी त्याच्या पोटात गुदगुल्या होतात. आज हात पोटावर ठेवून बघितला, काही नाही. सकाळची पोळी तेवढी.

धाकट्याला कायम फसवत आलो मी. तो पाच वर्षांचा आणि मी नऊचा तेव्हापासून. डब्यात रबरी पाल, अंथरुणात ओला टॉवेल, पाठीवर 'विकणे आहे'. आणि धाकटा फसायचा तेही कसा — ओरडायचा, उड्या मारायचा, आईच्या पदराखाली शिरायचा. पाल त्याच डब्यात आठव्यांदा निघाली तरी तितकंच ओरडायचा. एकदा आई भाकरी उलटता उलटता म्हणाली, अरे त्याला कळतं रे. तुझा हिरमोड होऊ नये म्हणून ओरडतो तो. मी म्हटलं, हट. आईनं भाकरी तव्यावरून काढली, आणि ते वाक्य मी तिथंच सोडून खेळायला पळालो.

मग धाकटा चोवीस वर्षांचा झाला आणि बसून राहिला. बसून म्हणजे अगदी बसून, दारापुढच्या पायरीवर, पोस्टमनची वाट बघत. अर्ज करायचा. दुपारच्या सुट्टीत इथं यायचा, या कचेरीत, डबा खात खात अर्ज टाइप करायचा — तेव्हा हा नुकताच लागलेला, आणि कचेरीत एकच टाइपरायटर, इंग्रजी. चाळीसएक अर्ज केले असतील. उत्तर एकाचंही नाही. संध्याकाळी घरी परतताना पायरीवरचा धाकटा लांबून दिसायचा, आणि दिसला की याच्या अंगावर काटा यायचा, आणि काटा आला की याला विनोद सुचायचे. तसा स्वभावच. डॉक्टरनं कान तपासायला नळी घातली तरी याला त्यात काहीतरी सोडावंसं वाटतं.

कचेरीत परदेशी मासिकांचा एक गठ्ठा आला होता, शब्द वेचायला. त्यात एका लेखात तो शब्द होता. ऑइल पॅच. आवडला. काय भारी वाटत होता... असं वाटत होतं की तिथं गेलेल्या माणसाला कोणी विचारणार नाही काय करतोस म्हणून. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा त्यानं टाइपरायटरवर पत्र टाइप केलं — आमच्या ऑइल पॅचमध्ये आपली नेमणूक करण्यास आनंद होत आहे — जाड कागदावर, कंपनीचं नाव स्वतः शोधून काढलेलं, पत्त्याला मात्र खरं गाव, नकाशात बघून. शिक्का बाटलीच्या बुचाचा, शाईत बुडवून, अर्धवट उमटेल असा. खरे शिक्के नेहमी अर्धवट उमटतात, हे लक्षात ठेवणारा माणूस होता तो. आणि कळस म्हणजे ओळखीचा एक ट्रकवाला त्या बाजूला जाणार होता, त्याच्याकडून पत्र तिथल्या पेटीत टाकून घेतलं. पाकिटावर तिथल्या पोस्टाचा ठप्पा. एवढं कोण करतं? फसवणाऱ्याचाही एक मान असतो.

बेत असा होता — धाकटा पाकीट फोडेल, नाचेल, आई सगळ्यांच्या हातावर साखर ठेवेल, आणि साखर तोंडात विरघळायच्या आत हा म्हणेल, फसलास. मग धाकटा याच्या अंगावर धावून येईल, दोघं लोळतील, आई लाटणं घेऊन मागे लागेल, आणि त्या सगळ्या दंग्यात पायरीवर साचलेलं ते जे काही होतं ते हलेल जरा. एवढंच. वाईट काही नव्हतं त्यात.

धाकटा नाचला नाही. पाकीट फोडलं, कागद उलगडला, पायरीवर बसला. बराच वेळ वाचत राहिला, पत्र तर सहा ओळींचं. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी तो चेहरा बावीस वर्षं सांभाळून आहे, आनंदानं माणूस मुका होतो तो असा, अशी त्याच्यावर चिठ्ठी डकवून. आई बाहेर आली, तिनं ओले हात त्याच्या गालावर ठेवले. आणि मला फसलास म्हणता आलं नाही. जिभेच्या टोकाशी होतं. म्हटलं, जेवताना सांगू. जेवताना आई तीनदा उठून त्याला वाढायला गेली. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी मी तोंड धुऊन बाहेर येतो तर गल्लीतल्या निम्म्या घरांना कळलं होतं, आणि शेजारचे आजोबा त्याला आपली लोकरीची टोपी देत होते.

"साहेब, चहा." पुरवणीनं कप ठेवला. "आणि शिवाय बिस्किट."

त्यानं बिस्किट दोन बोटांत धरून उन्हात बघितलं. "मारी आहे की पुठ्ठा?"

"पुठ्ठा असता तर त्याला आधी भोक पाडलं असतं." पुरवणी आज चढला होता. मग त्याचा आवाज उतरला. "बरं नाही का तुम्हाला? सकाळपासून कोणाच्या खुर्चीखाली काही ठेवलं नाहीत."

"म्हातारा झालो."

"मी तीनदा वाकून बघितलं."

स्टेशनवर आई आली नव्हती. दोघंच. गाडी सुटायला दहा मिनिटं, आणि धाकटा दारात उभा, आत जाऊन बसेना. म्हणाला, दादा, काही सांगायचं राहिलंय का? असं सहज म्हणाला, जाणारा माणूस विचारतोच. मी म्हटलं, स्वेटर वर ठेवलायस ना, लगेच निघेल असा? तो म्हणाला, वरच आहे. गाडी हलली. हलल्यावरसुद्धा मी चालत राहिलो खिडकीबरोबर, पुढच्या खांबापाशी सांगतो, त्याच्या पुढच्या खांबापाशी... प्लॅटफॉर्म संपला.

अठरा दिवसांनी पत्र आलं. पोचलो. काम लागलं. कंपनीचं नाव बदललं आहे, नवा पत्ता खाली देत आहे.

कंपनीचं नाव बदललं आहे. आईनं ते वाक्य वाचलं आणि पुढं गेली. मी अजून तिथंच आहे. म्हणजे तो त्या गावात उतरला, कागद दाखवत फिरला, लोक हसले असतील, कोणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं असेल की अशी कंपनीच नाही बाबा... आणि मग त्यानं रिगवर मिळेल ते काम धरलं, पाइप उचलायचं, चिखल उपसायचं, आणि आईला लिहिलं की नाव बदललं आहे. मला कळलं की त्याला कळलं. मी लगेच उत्तर लिहायला बसलो. लिहिलं काय, तर तिकडं जेवणाचं कसं आहे.

मग बावीस वर्षं. वर्षातून पंधरा दिवस धाकटा घरी यायचा. लग्न झालं, मुलगी झाली. फोटो यायचे, प्रत्येक फोटोत डावा हात खिशात. दोन बोटं गेल्याचं त्यानं आईला पुढच्या सुट्टीपर्यंत कळू दिलं नाही. आला की पहिल्या चहात मी मीठ घालायचो, रिवाजच झाला होता तो, आणि धाकटा कप पूर्ण संपवून म्हणायचा, मस्त झालाय. संध्याकाळी दोघं पायरीवर बसायचो. तो पॅचबद्दल सांगायचा. विहिरीशेजारी गॅसची ज्योत जळत असते ती कधी विझत नाही. नव्या माणसाला सहा महिने कोणी नावानं हाक मारत नाही. मी ऐकायचो आणि मधूनमधून कोटी करायचो. एकदा मी विचारलं — कसं विचारलं कोण जाणे, विचारायचं होतं भलतंच — की तिथं लोक येतात कुठून एवढे? तो नखानं पायरीवरचा चुना खरवडत होता. म्हणाला, "ऑइल पॅचमध्ये कोणी आपणहून येत नाही दादा, सगळे कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेले असतात."

आणि हसला. मीही हसलो.

सात महिन्यांपूर्वी गेला. पाइप पडून नाही, आग लागून नाही. खाणावळीत हात धुताना छातीत कळ आली. बावन्न जणांच्या सह्या असलेलं एक कार्ड आलं. लोक म्हणाले, निदान अपघात तरी नाही. मी हिशेब केला, पुतणी एकोणीस वर्षांची, दर वर्षाचे पंधरा दिवस... दोनशे पंच्याऐंशी. साडेनऊ महिने. त्या पोरीला बाप एकूण साडेनऊ महिने मिळाला. कागदावर मांडून बघितला तो आकडा, दोनदा, आणि मग कागद फाडून कपटे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकले, जसा काही कोणी ते जोडायला येणार होता.

वाक्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं. ऑइल पॅचमध्ये कोणी आपणहून येत नाही, सगळे कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेले असतात. बरोबर बसलं, शब्दाचा अर्थ कळतो, प्रदेशही कळतो आणि माणसंही. बाई खूश होतील. आता कोणाकडून. कोण बोललं, कोणाला बोललं... पेन तिथं टेकलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला. एका बंद पडलेल्या साप्ताहिकातून, असं लिहायला हात आपोआप वळला. सवय.

चार वाजायला दहा कमी असताना ती आली. दारात चप्पल काढू लागली, तशी बाई म्हणाल्या, "असू दे गं, देऊळ नाही हे." ती रक्त तपासायचं शिकते, प्रयोगशाळेत, खांद्यावरच्या पिशवीतून पांढऱ्या कोटाची बाही लोंबत होती. बसली. बापासारखी बसते, गुडघे जवळ, हात मांडीवर उताणे.

"चहा?"

"नको काका."

"मीठ नाही घालत."

"माहीतेय. मीठ फक्त बाबांना." तिनं पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. "आई सांगते, बाबा म्हणायचे, दादानं चहात मीठ घातल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटत नाही."

ते नवीन होतं. त्यानं ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं, नंतर बघू म्हणून. पण ते बाजूला राहीना.

मी तयारी केली होती. सकाळपासून नव्हे, सात महिन्यांपासून. काका, हे पत्र खोटं आहे का? हो गं. कोणी पाठवलं? मी. गंमत म्हणून. तुझ्या बाबांना तिथं जाऊन कळलं आणि त्यांनी मला सांभाळून घेतलं. चार वाक्यं. चौथ्याला माझा आवाज फुटेल तिथं थांबायचं, असंसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

तिनं पाकिटातून कागद काढला, तोच, जाड, बुचाचा अर्धा शिक्का अजून निळा. पण तो एकटा नव्हता. त्याच्या घडीत दुसरा कागद होता, पातळ, कार्बन कॉपी. दोन्ही एकाच घडीत दुमडून ठेवलेले, इतकी वर्षं की घडीची रेघ एकमेकांवर तंतोतंत बसत होती. तिनं दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले.

"हे नेमणुकीचं पत्र. आणि हा बाबांचा एक अर्ज, पत्राच्या दोन महिने आधीचा. कुठल्या तरी सूतगिरणीला केलेला. काका, मी दिवसभर थेंबात बघते. त्यामुळे सवय लागलीय." तिनं बोट ठेवलं. "हा टी बघा. ओळीच्या वर उडालाय. एक हात तुटलाय त्याचा. आता इकडं बघा."

मला बघायची गरज नव्हती. बेडूक. आम्ही त्याला बेडूक म्हणायचो, दोघंही. दुपारी डबा खाता खाता धाकटा ओरडायचा, दादा, तुझा बेडूक पुन्हा उडाला बघ, आणि मी म्हणायचो, अर्जात बेडूक असला की साहेब घाबरून नोकरी देतो. चाळीस अर्ज. चाळीस अर्जांत टी किती वेळा येतो... त्या यंत्राचा तो टी माझ्यापेक्षा त्याला जास्त ओळखीचा होता. शिक्का केला मी, कागद निवडला, ट्रकवाला गाठला, नकाशा उघडला. आणि टाइप करायला बसलो तर त्याच यंत्रावर बसलो.

म्हणजे त्याला कळलं ते तिथं जाऊन नव्हे.

म्हणजे पायरीवर. पाकीट फोडलं तेव्हाच, पहिल्या ओळीतच... सहा ओळी आणि एवढा वेळ. तो वाचत नव्हता.

"म्हणून मी म्हटलं," पुतणी सावकाश बोलत होती, थेंब सांडू नये तसं, "हे दोन्ही एकाच मशीनवर झालंय. आणि बाबांना ते माहीत होतं, नाहीतर दोन्ही एकत्र कशाला ठेवतील? पण मग ते गेले कशाला? काका, हे मशीन कुठलं?"

कपाटावर, बाईंच्या डोक्याच्या वर, काळ्या आवरणाखाली ते होतं. त्याच्यावर पुरवणीनं मनी प्लांट ठेवलाय. वेल आवरणावरून खाली आलीय, बाई दर सोमवारी ती सरळ करतात.

कशाला गेले.

मी फसलास म्हणेन म्हणून थांबला असेल? जेवताना थांबला, रात्रभर थांबला, गल्लीला सांगताना माझ्याकडे बघत बघत सांगितलं असेल, टोपी घेताना थांबला असेल, स्टेशनवर तर विचारलंच — आणि प्रत्येक वेळी मी स्वेटरबद्दल बोललो. की माझा हिरमोड होऊ नये म्हणून गेला, पाल बघून ओरडायचा तसा, दोन दिवस गाडीनं आणि एक दिवस ट्रकनं? की त्याला जायचंच होतं, त्या पायरीवरून कुठंही, आणि कोणीतरी ढकलायची वाट होती... हे तिसरं खरं असतं तर मी सुटतो. म्हणून तर त्याच्यावर विश्वास बसत नाही. आणि कंपनीचं नाव बदललं आहे, हे त्यानं आईला नव्हतंच लिहिलेलं. ते मला होतं. तुझ्या बाजूनं मी खेळ चालू ठेवलाय, दादा, आता पत्ता तुझ्याकडे आहे.

आणि मी विचारलं, तिकडं जेवणाचं कसं आहे.

"काका?"

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. पुरवणीनं मान इतकी खाली घातली होती की फक्त भांग दिसत होता. खोलीत छताचा पंखा तेवढा, एका पात्याला कर्रर्र आवाज करणारा. त्या आवाजावर यानं आजवर सतरा विनोद केलेत. अठरावा शोधला. खरोखर शोधला, जिभेनं दातांमागे चाचपून बघावं तसा. नव्हता. त्या जागी एकच शब्द होता, बावीस वर्षं जिभेच्या टोकाशी ठेवलेला, आणि आता तो म्हणायचा कोणी, कोणाला, हेच कळेना.

त्यानं कार्ड पुढं ओढलं. शाईच्या ठिपक्याच्या शेजारी लिहिलं, धाकटा भाऊ. मग, कोणाला — थोरल्याला. दोन शब्द. अक्षर आपलं वाटेना. कार्ड त्यानं बाईंकडे सरकवलं नाही. उलट फिरवून पुतणीच्या पुढं ठेवलं, त्या दोन कागदांच्या शेजारी, आणि तिनं ते वाचलं. एकदा. मग तिची नजर वर सरकत गेली, बाईंच्या डोक्यावरून कपाटाकडे, वेलीकडे, वेलीखालच्या काळ्या आवरणाकडे. तिथं थोडी थांबली आणि परत खाली आली.

तिनं मान किंचित वर करून नुसतं बघितलं माझ्याकडे. हात मांडीवर उताणे.

तो चेहरा मी ओळखतो. बावीस वर्षं सांभाळलाय, आणि इतकी वर्षं त्याच्यावर डकवलेली माझी चिठ्ठी आज, एवढ्या लख्ख उजेडात, अलगद सुटून पडली. आनंद नव्हता तो. तो थांबला होता. कागद मांडीवर ठेवून, माझं बोलणं सुरू व्हायची वाट बघत तो पायरीवर बसला होता, आणि अजून उठलेला नाही.